मेंदूतील नकाशा आणि मे-ब्रिट मोसर : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात स्मरणशक्तीवरील टिपणात आम्ही नॉर्वेच्या मेंदूशास्त्रज्ञ मे-ब्रिट मोसर यांचा दोन ओळींत उल्लेख केला होता. २०१४ साली एडवर्ड मोसर आणि जॉन ओकीफ यांच्याबरोबर त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि मेंदूला जागेचे भान कसे येते हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी मानसशास्त्र घेऊन एम.ए. करीत आहे. मोसरबाई मूळच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या असे ऐकले, ते खरे आहे का? असल्यास त्या मेंदूच्या पेशींपर्यंत कशा पोहोचल्या? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. मे-ब्रिट यांचा जन्म ४ जानेवारी १९६३ रोजी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फोस्नावॉग या मासेमारीवर जगणाऱ्या गावी झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडील सुतार होते आणि घरची लहानशी शेती आई पाहत असे. ऑस्लो विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्र घेतले, परंतु त्याच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र आणि चेताजीवशास्त्र हे विषयही अभ्यासले. त्यांच्याच भागातील हारेइड येथे वाढलेले एडवर्ड मोसर त्यांना तेथे सहाध्यायी म्हणून भेटले आणि १९८५ साली दोघांचा विवाह झाला. त्या काळी वर्तनाचा अभ्यास करणारे लोक मेंदूत डोकावत नसत आणि मेंदूतील पेशींच्या विद्युत्‌संदेशांचा अभ्यास करणारे लोक प्राणी प्रत्यक्षात काय करतो याकडे फारसे पाहत नसत. या दोहोंच्या मधली जागा या दोन विद्यार्थ्यांना खुणावत होती.

त्या शोधात ते पेर अँडरसन यांच्या खोलीत जाऊन पोहोचले. अँडरसन हे हिप्पोकॅम्पस या भागाच्या विद्युत्‌कार्याचे जगन्मान्य अभ्यासक होते. हिप्पोकॅम्पस म्हणजे आपल्या कानशिलांच्या आत खोलवर असलेला, स्मृती घडविण्याशी निगडित असलेला मेंदूचा भाग. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेण्याचा त्यांचा विचार नव्हता. हे दोघे मात्र होकार मिळेपर्यंत खोलीतून हलायला तयार नव्हते, तेव्हा अँडरसन यांनी त्यांना एक काम नेमून दिले : पाण्याच्या चक्रव्यूहाची प्रयोगशाळा स्वतः उभी करून दाखवा.

हा पाण्याचा चक्रव्यूह म्हणजे काय ते थोडे जवळून पाहू. एक मोठी गोल टाकी असते, तिच्यातील पाणी दूध वा तत्सम काही मिसळून पांढुरके केलेले असते आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली एक लहानसा चौथरा बुडालेला असतो, जो उंदराला दिसत नाही. उंदीर पोहत सुटतो, केव्हातरी त्याचे पाय चौथऱ्याला लागतात आणि तो त्यावर चढून उभा राहतो. काही फेऱ्यांनंतर टाकीत कोठूनही सोडले तरी तो खोलीतील खिडकी, कपाट, भिंतीवरचे चित्र अशा खुणांच्या आधाराने सरळ चौथऱ्याकडे जातो. त्याला जागा कळली आहे, हे उघड होते. मे-ब्रिट आणि एडवर्ड यांनी ही टाकी उभारली आणि तिचाच उपयोग करून अँडरसन यांच्यासमवेत १९९३ साली दाखवून दिले की हिप्पोकॅम्पसचा वरचा भाग निकामी झाला तर उंदीर चौथरा शोधायला शिकू शकत नाही, मात्र तेवढीच इजा खालच्या भागाला झाली तर शिकू शकतो. तोवर अनेक जण हा अवयव एकसंध धरून चालत असत. पुढच्याच वर्षी मे-ब्रिट यांनी सहकाऱ्यांसह असे दाखविले की जागा शिकलेल्या प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्यांवर सूक्ष्म काट्यांची संख्या वाढलेली असते. हे काटे म्हणजे दुसऱ्या पेशींशी जोडणी होण्याच्या जागा.

१९९५ साली दोघांना पीएच.डी. मिळाली. त्यानंतर एडिनबरा येथे, ज्यांनी हा पाण्याचा चक्रव्यूह मुळात योजला त्या रिचर्ड मॉरिस यांच्याकडे, आणि नंतर लंडनमध्ये जॉन ओकीफ यांच्याकडे थोडा काळ त्यांनी काम केले. ओकीफ यांच्याकडे ते जे शिकले ते पुढे निर्णायक ठरले : हिंडत्या-फिरत्या प्राण्याच्या मेंदूतील एकेका पेशीचे संदेश टिपण्याची कला. १९९६ साली नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात दोघांनाही सहयोगी प्राध्यापकपद मिळाले. तेथे तळघरातील काही खोल्यांत त्यांनी मुळापासून प्रयोगशाळा बांधली. २००२ साली तेथे स्मृतीच्या जीवशास्त्राचे केंद्र उभे राहिले आणि २००७ साली मेंदूसंशोधनाची काव्ली संस्था आली.

आपल्या दृष्टीने यातील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी पदवीच्या काळातही गणित आणि संख्याशास्त्र सोडले नाही. आपल्याकडे मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळूरची निम्हान्स या संस्थांत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही संशोधनाची वाट आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतील पात्रतेच्या अटी मात्र नीट वाचाव्यात.

प्रश्न : मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. मोसर यांना उंदराच्या मेंदूत त्रिकोणांचे जाळे सापडले असे वाचले. आमच्या मोजणीतही त्रिकोणांचे जाळे टाकतात. हे त्याच जातीचे आहे का, आणि उंदराच्या डोक्यात ते आखतो कोण? — एक निवृत्त वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नामुळे हा विषय समजावून सांगणे सोपे झाले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गोष्ट १९७१ पासून सुरू होते. त्या वर्षी ओकीफ यांनी प्रसिद्ध केले की उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये काही पेशी अशा असतात की उंदीर खोलीतील एका ठरावीक जागी आला की त्या सक्रिय होतात आणि एरवी जवळजवळ गप्प असतात. एक पेशी दाराजवळच्या कोपऱ्यासाठी, तर दुसरी मधल्या जागेसाठी. त्यांना स्थानपेशी म्हणतात. प्रश्न असा राहिला की या पेशींना ही माहिती पुरविते कोण? मोसर यांच्या गटाने २००२ साली हिप्पोकॅम्पसमधील आतली जोडणी तोडून पाहिली, तरीही तेथील पेशींचे स्थानज्ञान टिकून राहिले. म्हणजे माहिती बाहेरून, शेजारच्या एंटोरायनल कॉर्टेक्स या पट्ट्यातून थेट येत असावी. मेंदूच्या शरीररचनेचे डच तज्ज्ञ मेनो विटर यांच्या मदतीने त्यांनी त्या पट्ट्यातील नेमकी जागा ठरविली आणि तेथे केसाहून बारीक तारा पोहोचविल्या.

आता प्रयोग डोळ्यांसमोर आणा. सुमारे १ मीटर बाजूची चौकोनी पेटी आहे. वरून चॉकलेटचा वा बिस्किटाचा चुरा टाकला जातो आणि उंदीर तो वेचत पेटीभर हिंडतो. पेटीचा कोणताही भाग अस्पर्श राहू नये, हा त्या चुऱ्याचा उपयोग. उंदराचा मार्ग पडद्यावर करड्या रेषेने उमटतो आणि ती एक पेशी जेव्हा जेव्हा संदेश सोडते तेव्हा उंदीर जेथे असेल तेथे एक ठिपका पडतो. स्थानपेशीचे ठिपके एकाच ठिकाणी गोळा होतात. या नव्या पेशींचे ठिपके मात्र अनेक ठिकाणी पुंजक्यांनी पडू लागले. २००४ साली गटाने एवढेच प्रसिद्ध केले. पुंजक्यांत काही नियम असावा असे वाटत होते, पण पेटीत मावणारे पुंजके इतके थोडे होते की नियम कोणता ते उमगत नव्हते. तेव्हा त्यांनी २ मीटर व्यासाचे गोल रिंगण केले. उंदीर त्यात हिंडू लागला आणि पडद्यावर पुंजक्यांची जाळी उमटली : प्रत्येक पुंजक्याभोवती समान अंतरावर सहा पुंजके, आणि कोणतेही तीन शेजारी जोडले की समभुज त्रिकोण. हा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला. मारियान्ने फ्युन, टॉर्केल हाफ्टिंग आणि स्टुर्ला मोल्डेन ही तरुण संशोधकांची नावेही त्याच्याशी जोडलेली आहेत आणि ती विसरू नयेत असे मला मनापासून वाटते. या पेशींना जाळीपेशी म्हणू.

आता आपल्या मोजणीशी तुलना. आपण जे त्रिकोण टाकता त्यांचे शिरोबिंदू जमिनीवर प्रत्यक्ष असतात. टेकडीवर चौथरा असतो आणि कोन मोजता येतो. उंदराच्या रिंगणात तशी कोणतीही खूण नाही. जमीन सपाट आणि एकसारखी आहे. दिवे मालवून अंधार केला तरीही जाळी टिकून राहते. त्यामुळे हा त्रिकोण डोळ्यांनी पाहिलेल्या कशाची नक्कल नसून मेंदू स्वतःच्या बळावर तो निर्माण करतो आणि जमिनीवर अंथरतो, असे म्हणावे लागते. आणखी एक गैरसमज टाळला पाहिजे. मेंदूच्या पदार्थात या पेशी त्रिकोणी रांगांत बसलेल्या नाहीत. एकच पेशी जमिनीवरील त्या सर्व बिंदूंवर सक्रिय होते. तिच्या शेजारच्या पेशीची जाळी तीच, फक्त थोडी सरकलेली असते.

मोजणीच्या कामाशी खरे साम्य पुढेच आहे. गावनकाशा, तालुक्याचा नकाशा आणि जिल्ह्याचा नकाशा यांची प्रमाणे वेगवेगळी असतात, तसेच या जाळ्यांचेही असते. पट्ट्याच्या वरच्या टोकाला दोन पुंजक्यांमधील अंतर ३० ते ४० सेंटिमीटर असते आणि खाली जावे तसे ते वाढत काही मीटरपर्यंत जाते. २०१२ साली याच प्रयोगशाळेने दाखविले की ही वाढ सलग नसते. प्रमाणांचे निरनिराळे संच असतात आणि एका संचातून पुढच्या संचात जाताना अंतर आधीच्या सरासरी १.४ पट होते. त्या पट्ट्यातच उंदराचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी असतात. तशा पेशी मेंदूच्या दुसऱ्या भागात अमेरिकेतील जेम्स रँक यांनी १९८४ साली प्रथम नोंदविल्या होत्या. २००८ साली मोसर गटाला हद्दपेशी सापडल्या, ज्या भिंतीजवळ वा कडेला आल्यावरच बोलतात. २०१५ साली वेग सांगणाऱ्या पेशी सापडल्या. दिशा, अंतर, हद्द : आपण आयुष्यभर ज्या तीन गोष्टी नोंदवह्यांत लिहिल्या, त्यांसाठी उंदराच्या डोक्यात वेगवेगळ्या पेशी नेमलेल्या आहेत.

आखतो कोण, याचे आजचे उत्तर असे की या पेशी एकमेकींशी अशा जोडलेल्या असतात की त्यांच्या एकत्रित क्रियेला मोजकीच रूपे घेता येतात. उंदीर चालू लागला की त्याच्या वेगाची आणि दिशेची वार्ता त्या रूपाला पुढे सरकवते. म्हणजे खुणा न पाहता, पावलांच्या हिशेबाने जागा ठरवणे. ही कल्पना खरी असेल तर शेकडो जाळीपेशींची एकत्रित क्रिया गणिताने मांडल्यावर विशिष्ट आकार दिसायला हवा. २०२२ साली मोसर गटाने गणितज्ञांच्या सहकार्याने ती मांडली, तेव्हा तो आकार अगदी मेदूवड्यासारखा, मध्ये भोक असलेल्या कड्यासारखा निघाला. सिद्धान्ताने हाच आकार आधी सांगितला होता. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ ते चित्र पाहत बसलो होतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना अल्झायमर आहे. चाळीस वर्षे ज्या मंडईत ते गेले तिथून परतताना ते वाट चुकले, तेव्हा आम्हांला प्रथम कळले. या शोधाचा अशा रुग्णांना काही उपयोग आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वडिलांबाबत जे घडले त्याचा या संशोधनाशी थेट संबंध आहे. अल्झायमरमध्ये पेशींचे नुकसान ज्या भागात सर्वांत आधी दिसू लागते, त्यांपैकी एक म्हणजे हाच एंटोरायनल कॉर्टेक्स. परिचित रस्त्यावर वाट चुकणे हे या आजाराचे सुरुवातीचे लक्षण का असते, ते यावरून बरेचसे समजते.

माणसाच्या मेंदूतही अशा जाळीपेशी असल्याचे २०१३ साली दिसले. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी ज्या रुग्णांच्या मेंदूत तारा बसविल्या होत्या, त्यांनी संगणकावरील आभासी जागेत फिरण्याचा खेळ खेळताना ही नोंद झाली. २०१५ साली जर्मनीतील संशोधकांनी असे दाखविले की अल्झायमरचा धोका वाढविणारे जनुक असलेल्या, पण निरोगी असलेल्या तरुणांतही जाळीसारखी ही क्रिया क्षीण असते. यावरून आजार पुष्कळ आधी ओळखण्याची शक्यता दिसते. ट्रॉन्डहाइम येथे आता अल्झायमरसाठी स्वतंत्र केंद्रही चालते.

परंतु आपली फसवणूक होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो : जाळीपेशींच्या शोधातून अल्झायमर बरा करणारे कोणतेही औषध आजवर निघालेले नाही. कोणी तसा दावा करून महागडे उपचार सुचवीत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आजच्या घडीला वडिलांच्या खिशात नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद कायम असू द्यावा, मंडईतील ओळखीच्या गाळेवाल्यांना कल्पना देऊन ठेवावी आणि घरातील वस्तूंच्या जागा शक्यतो बदलू नयेत.

प्रश्न : उंदरांच्या डोक्यात तारा घालून मिळविलेल्या ज्ञानाचा एवढा गौरव करावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे. तारा भूल देऊन बसविल्या जातात आणि मेंदूच्या पदार्थाला स्वतःला वेदना कळत नाहीत. उंदीर बरा झाल्यावर खाऊ वेचत हिंडतो, त्याला जबरदस्ती केली जात नाही. तथापि, तारेचे टोक नेमके कोठे होते हे तपासण्यासाठी शेवटी त्याला मारावे लागते, आणि हे लपविण्यात अर्थ नाही. नॉर्वेत अशा प्रत्येक प्रयोगाला शासकीय परवानगी लागते. डोक्यावर शस्त्रक्रिया न करता चालत्या प्राण्याच्या मेंदूतील एक पेशी ऐकण्याचा मार्ग अद्याप नाही, म्हणून मी या प्रयोगांच्या बाजूने आहे. मात्र आपण विचारलेला प्रश्न प्रत्येक प्रयोगाआधी विचारला गेला पाहिजे, असेही मानतो.

प्रश्न : पतीबरोबर काम करणाऱ्या स्त्रीचे श्रेय नेहमी पतीकडे जाते. मोसरबाईंचे तसे झाले नाही का? आणि ते दोघे आता विभक्त आहेत म्हणे? — एक वाचक, पणजी

उत्तर : पारितोषिकाचा अर्धा भाग ओकीफ यांना आणि उरलेला अर्धा मोसर दाम्पत्याला संयुक्तपणे मिळाला. वैद्यकाचे नोबेल मिळालेल्या मे-ब्रिट या ११व्या स्त्री. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी घोषणा झाली तेव्हा एडवर्ड म्यूनिकच्या विमानात होते आणि उतरेपर्यंत त्यांना काहीच माहीत नव्हते. स्टॉकहोमचा दूरध्वनी ट्रॉन्डहाइमला मे-ब्रिट यांनी घेतला. समारंभाला त्यांनी नेसलेल्या गडद निळ्या पोशाखावर जाळीपेशींची नक्षी भरलेली होती.

त्यांच्या दोन मुलींचा जन्म १९९१ आणि १९९५ साली, म्हणजे ऐन पीएच.डी.च्या वर्षांत झाला. मुलींना घेऊन दोघे परिषदांना जात असत. पोटच्या मुलांसाठी संशोधन सोडलेल्या किती तरी गुणी स्त्रिया आपण प्रत्येकाने आपल्या ओळखीत पाहिल्या आहेत. मे-ब्रिट यांच्याबाबतीत दोघांनाही एकाच वेळी, एकाच विद्यापीठात, समान पद मिळाले ही गोष्ट त्यांच्या कर्तृत्वाइतकीच मोलाची ठरली, असे माझे मत आहे. २०१६ साली त्यांनी विभक्त होत असल्याचे जाहीर केले. संशोधनातील सहकार्य मात्र पुढेही चालू राहिले. याहून अधिक त्यांच्या घरात डोकावण्याचे आपल्याला कारण नाही.

प्रश्न : पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी लोकसंख्येच्या देशात मेंदूविज्ञान एवढे कसे रुजले? — एक शिक्षक, औरंगाबाद

उत्तर : परंपरा जुनी आहे. ध्रुवप्रदेशाचे संशोधक आणि निर्वासितांसाठी केलेल्या कार्याबद्दल १९२२ साली शांततेचे नोबेल मिळालेले फ्रिट्‌यॉफ नान्सेन हे नाव आपल्याला माहीत असेलच. ते मुळात चेतासंस्थेचे अभ्यासक. बर्गेनच्या संग्रहालयात नोकरी करताना ते सागरी प्राण्यांच्या चेतातंतूंचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करीत आणि रंगद्रव्याची नवी पद्धत शिकण्यासाठी १८८६ साली इटलीत कामिल्लो गॉल्जी यांच्याकडे गेले. चेतापेशी सलग जाळ्यात जोडलेल्या नसून स्वतंत्र आहेत, या मताच्या बाजूने प्रथम बोलणाऱ्यांत त्यांची गणना होते. १८८८ च्या वसंतात त्यांनी प्रबंधाची जाहीर परीक्षा दिली आणि काही दिवसांतच ग्रीनलंडचे हिमपठार स्कीवरून ओलांडायला ते निघून गेले.

पुढे ऑस्लोत यान यान्सेन आणि आल्फ ब्रोडाल यांनी मेंदूच्या रचनाशास्त्राची शाळा उभी केली. पेर अँडरसन त्याच वातावरणातून आले. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९६६ साली तेर्ये लोमो यांना आढळले की हिप्पोकॅम्पसच्या जोडणीला जलद स्पंदने दिली की ती जोडणी दीर्घकाळ बळकट राहते. ब्रिटिश सहकारी टिम ब्लिस यांच्यासह त्यांनी १९७३ साली हे सविस्तर प्रसिद्ध केले आणि स्मृती पेशीत कशी साठते या आजच्या विचाराचा तो पाया ठरला.

यांतील ब्रोडाल यांच्याविषयी मला विशेष आदर आहे. १९७२ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावे अंग लुळे पडले. बरे होत असताना त्यांनी स्वतःचेच निरीक्षण केले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले. उजवा हात धड असूनही आपले अक्षर बदलले आहे, हे त्यांनी टिपले. गळ्याला फुलपाखरी टाय बांधायला आरशासमोर उभे राहिल्यावर पुढची हालचाल कोणती हेच बोटांना ठाऊक नसल्याचे त्यांना जाणवले, आणि आयुष्यभर ज्या मेंदूची रचना इतरांना शिकविली त्याचेच हे काम आहे, अशा दृष्टीने त्यांनी तीही नोंद शांतपणे लिहून ठेवली.